उसवलेला बनियन

माझ्या मधल्या लेकीचं, मंजुळाचं, लग्न ज्या उन्हाळ्यात झालं, त्याच उन्हाळ्यात आत्तीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मांडवाचे बांबू अजून दारात आडवे पडलेले होते. दवाखान्यात काही दिवस काढल्यावर डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम झालं, आता व्यायामाचं काम. म्हणून आम्ही दोघी मिरजेच्या त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसलो होतो. आत्ती म्हणजे माझी सासू, तिमव्वा.

खोलीला एकच दार, आणि तेही सताड उघडं. बाहेरच्या बाकावर गडीमाणसं नंबर लावून बसलेली. भिंतीला लाकडी शिडी ठोकलेली होती. छताला कप्पी, कप्पीतून दोरी, आणि दोरीच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी.

"आजी, चांगल्या हातानं खाली ओढा," व्यायाम शिकवणाऱ्या मुजावर बाई म्हणाल्या. माझ्या मंजुळाएवढ्याच असतील. "तुम्ही ओढलं की हा दुसरा हात आपोआप वर जातो."

उजव्या हाताची बोटं मी मुठीभोवती गुंडाळून धरली. डावा हात आत्तीनं दोरीला लावलाच नाही. त्या हातानं तिनं छातीवरचा पदर आवळून धरला होता.

"ओढा की, आजी."

"उठत न्हाई."

"ओढल्याशिवाय कसा उठेल?"

"दगड झालाय त्याचा. न्हाई उठत."

मुजावर बाईंनी आत्तीच्या उघड्या खांद्याकडं बघितलं, मग माझ्या.

आम्ही वडार. दगड फोडून पोट भरणारी माणसं. आमच्यातल्या जुन्या बायका अंगात चोळी घालत नसत. लुगड्याचा पदर छातीवरून फिरवून घट्ट ओढायचा आणि कमरेला खोचायचा, बस. तेवढ्यावर आम्ही खडीच्या पाट्या डोक्यावर घेतल्या, घण मारले, पोरं पाजली. दोन हात धड असले की पदर कुठं सुटतोय आणि कुठं आवळायचा हे हातांना आपोआप कळतं. आता आत्तीचा एक हात मेलेला आणि दुसरा दोरी ओढायला पाहिजे. पदराला तिसरा हात नव्हता.

भिंतीवर एक पाटी होती. वस्तीवर साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, त्यामुळं अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय मला राहवत नसे. मी सावकाश वाचलं. 'व्यायामास येताना सैल सुती कपडे व मागून बंद पादत्राणे घालावीत.'

"बाई, पादत्राणे म्हणजे काय हो?"

"पायात घालायचं, बूट-चप्पल. बरं झालं वाचलंत. आजींना चप्पल चालणार नाही. पाय ओढत चालतात, चप्पल निसटली की पडतील. नाडीचे बूट घ्या. हलके, सपाट तळाचे. आणि अंगात गाऊन, नाहीतर घरातल्या कुणाचा तरी सैल शर्ट. असं आवळून बसल्यावर हात जाणार कुठून?"

"आमच्यात घालत न्हाईत," मी म्हटलं.

"माहिताय मला." त्यांनी आवाज खाली आणला. "पण सुरुवातीच्या महिन्यांत हात सुटला तर सुटतो. नाहीतर खांदा धरून बसतो, मग काही उपाय नाही. घास भरवायचा दुसऱ्यानं, केस विंचरायचे दुसऱ्यानं, धुवायचं पण दुसऱ्यानं. आजींना चालेल का ते?"

आत्तीनं तोंड भिंतीकडं केलं. वस्तीत ज्या बाईच्या घणाचा आवाज ओळखता यायचा, तिला कालच मी परसाकडं नेऊन आणलं होतं.

बसमध्ये आत्तीला खिडकीजवळ बसवलं. समोरच्या बाकावरच्या दोन बायकांनी आधी आमच्या खांद्यांकडं बघितलं, मग तोंडाकडं. आयुष्यभर लोकांनी मला याच क्रमानं बघितलं.

मी या घरात आले ती हिरवी चोळी घालून. माझे वडील धरणाच्या कामावर होते. तिथं दहा गावच्या बायका कामाला, त्यामुळं आमच्यातल्या पोरीही चोळ्या घालायला लागल्या होत्या. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आत्ती खोपटात आली, दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "काढ ती चोळी." का म्हणून विचारायचं माझं वय नव्हतं. तिनं चोळीची घडी घातली आणि पत्र्याच्या पेटीत टाकली. पेटीची किल्ली तिच्या कमरेला. पुढं कुणी माझी ओटी भरली की खण यायचा, तोही पेटीत जायचा. तीस वर्षांत पेटी भरली आणि माझे खांदे उघडे राहिले. साक्षरतेच्या वर्गात फळ्यावर लिहायला बोलावलं की मी वाकून फळ्याच्या खालच्या कडेला लिहायची. गुरुजी म्हणायचे, नागव्वा, वर एवढी जागा आहे की. मी म्हणायची, मला इथंच बरं पडतं.

काळ बदलला तशी वस्ती बदलली. शेजारच्या सुना चोळ्या घालायला लागल्या. माझ्या तिन्ही लेकी फ्रॉक घालून शाळेत गेल्या, पुढं ब्लाउज घालायला लागल्या. आत्तीनं त्यांना कधी टोकलं नाही. अडवलं ते फक्त मला. एकदा मी पेटीकडं नुसतं बघितलं, तर म्हणाली, "ह्या घरात तुला न्हाई." तुला, असं म्हणाली. ते माझ्या मनात रुतून बसलं होतं.

मंजुळाच्या लग्नात मंजुळानंच माझ्या गळ्यात हात टाकले. "आई, माझ्या सासरची सांगलीत राहिलेली माणसं. अर्धा दिवस तरी घाल." मी तिचा एक ब्लाउज चढवला, वरून दोन्ही खांद्यांवर पदर घेतला आणि पंगती उठल्यावर काढून ठेवला. आत्तीनं बघितलं नाही असंच मी धरून चालले होते. त्याच आठवड्यात तिच्या हातातून तांब्या खाली पडला.

बुटाचं काम आधी हातात घेतलं, कारण ते सोपं वाटलं.

पायताण घ्यायचं तर आम्ही काडीनं माप घेतो. खराट्याची काडी टाचेपासून अंगठ्यापर्यंत पायाखाली धरायची आणि मोडायची. ती काडी घेऊन मी बाजारातल्या दुकानात गेले.

"नाडीचा बूट दाखवा. हलका, सपाट तळाचा."

"कितवीला आहे?" दुकानदारानं विचारलं.

"कोण?"

"ज्याला बूट पाहिजे तो."

"सासूला पाहिजे."

त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "सासू पळती काय?"

"अजून चालत न्हाई. व्यायाम करायचाय."

"मग पीटीचे घ्या. पांढरे, कापडाचे. शाळेतली पोरं घालतात. बघा, उचलून बघा, हातात काय आहे ते कळत पण नाही."

त्यानं काडी बुटात घातली. अगदी बरोबर बसली. दोघांनाही समाधान वाटलं.

घरी आल्यावर आत्तीचा पाय बुटात जाईना. टाच आत गेली तर बोटं बाहेर. जन्मभर टायरच्या चपला घालून दगडावर उभी राहिलेली बाई, तिच्या पायाची बोटं पंजासारखी फाकलेली होती. काडीनं लांबी सांगितली, रुंदी सांगितलीच नाही.

"काडीला बसला," आत्ती म्हणाली. "माझा पाय काय काडी हाय?" वारं गेल्यापासून तिचं बोलणं जड झालं होतं, पण टोमणा स्पष्ट होता.

माझा नवरा मल्लू दारात बसून बघत होता. त्यानं बूट हातात घेतला, करंगळीच्या बाजूला दाढीच्या पात्यानं उभा काप दिला आणि परत केला. पाय आत गेला. करंगळी कापातून जरा बाहेर डोकावत राहिली.

"नवा बूट बी फोडला," आत्ती म्हणाली. "ह्या घरात काय फोडल्याबिगर वापरतच न्हाईत."

मल्लू हसला. तिच्या आजारपणानंतर तो पहिल्यांदा हसला. मी नाडी बांधली. आत्तीनं डावा हात खाली नेऊन गाठ चाचपली.

"सैल हाय. दगडाच्या दोराला मारतो तशी मार. परत सुटली न्हाई पायजे."

मी सोडून परत आवळली. वाटलं, निम्मं काम झालं.

मग मी मल्लूचा जुना शर्ट आणला. धुऊन धुऊन मऊ झालेला, सैल. दार लावून घेतलं.

"आत्ती, हा घाला. दवाखान्यापुरता. घरी आल्यावर काढू."

"न्हाई."

"कुणी वस्तीतलं बघत न्हाई तिथं."

"न्हाई म्हटलं."

मी तिचा मेलेला हात उचलून बाहीत घालायला गेले. तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. एवढ्या आजारातही त्या हातात घण मारणारी ताकद होती. मला सोडवता येईना. आम्ही दोघी तशाच जमिनीवर बसून राहिलो, शर्ट मधे. मग माझं तोंड सुटलं.

"तीस वर्षं झाली, आत्ती. तुमच्या हट्टापायी बाजारात मान खाली घालून फिरले. लेकीच्या शाळेत गेले तर पोरं हसायची, लेक लांब जाऊन उभी राहायची. मी काय म्हणाले न्हाई. आता तुमच्याच हातावर आलंय. आता तरी सोडा हट्ट."

"हट्ट न्हाई. शब्द हाय."

"कुणाचा शब्द?"

"माझा." तिनं मनगट सोडलं. "तू चोळी घालून आलीस. तिसऱ्या दिवशी पंच बसले. म्हणले, पोरगी परत धाडा, न्हाईतर तुमचं घर वाळीत. खाणीवर पाय ठेवायचा न्हाई, हिरीचं पाणी न्हाई. तुझा बाप खाली मान घालून बसला हुता, तुला न्यायला."

माझे वडील आले होते हे मला आठवत होतं. पाहुणचाराला आले असं मला सांगितलं होतं.

"तिसऱ्या दिवशी परत गेलेल्या पोरीला कोण घरात घेतंय?" आत्ती म्हणाली. "म्हणून म्या भंडारा उचलला. यल्लम्माच्या म्होरं आण घेतली. ह्या हातानं." तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. "म्हटलं, मी न माझी सून सुई लागलेलं अंगात घालणार न्हाई. मग उठले पंच."

"मला का सांगितलं न्हाई?"

"सांगून काय हुतंय? लेकरू हुतीस. माझ्यावर राग धरलास, ते बरं. नवऱ्याच्या घरावर धरला असतास तर नांदली नसतीस."

"आणि माझ्या लेकींना सोडलं ते?"

"त्यांचं नाव घेतलं न्हवतं. तुझं न माझं घेतलं."

"पंच मरून गेले, आत्ती. त्यांच्या सुना दारात गाऊन घालून बसतात."

"पंच गेले. पर भंडारा काय त्यांनी उचलला हुता? मंजुळाच्या लग्नात तू घातलीस. बघितलं म्या. तवाच मनात म्हटलं, आता काय जातंय बघायचं. मग हात गेला. तुझा न्हाई गेला, माझ्या लेकाचा न्हाई. भंडारा उचलला त्योच गेला. बरोबर गेला. आता त्येला सुई लावून परत मागायला जाऊ?"

"डॉक्टर म्हणाले, रक्तदाब हाय. मीठ कमी करा म्हणाले."

"म्हणू देत की. मीठ कमी कर."

मी शर्टाची घडी घातली. तीस वर्षं मला वाटत होतं, ती दाराबाहेर उभी आहे आणि मी आत कोंडलेली. ती पण आतच होती.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं धुताना मल्लूचा बनियन हातात आला. बिनबाह्यांचा, दोन पट्ट्यांचा. पिळून उलटा केला आणि तसाच धरून राहिले. त्याच्या बाजूला शिवणच नव्हती. पोत्याच्या नळीसारखा सलग विणलेला. शिवण होती ती खांद्यावर, गळ्याच्या आणि काखेच्या पट्टीला, आणि खाली दुमडलेल्या काठाला. ओलं धुणं तिथंच ठेवून मी घरी आले.

"आत्ती, भंडारा उचलताना नेमकं काय म्हणालात? शब्द सांगा, शब्द."

"सांगितलं की. सुई लागलेलं अंगात घालणार न्हाई."

"आणि गाठ मारलेलं?"

"गाठीचं कुणी काढलंच न्हाई," ती म्हणाली. "लुगड्याला गाठच असती."

मल्लूचा एक नवा बनियन होता, लग्नासाठी घेतलेला, मोठ्या मापाचा. मी उंबऱ्यावर बसले आणि पात्यानं खांद्याची शिवण उसवायला लागले. मग गळ्याची पट्टी, मग काखेची. खालचा काठ उसवला तशी कापडाची कड आपोआप गुंडाळायला लागली. शेजारची रत्नव्वा कमरेवर घागर घेऊन थांबली.

"नागव्वा, नवा बनियन का फाडायलीस?"

"फाडत न्हाई. सासूला घालायचाय."

"नवऱ्याचा बनियन सासूला. आता नवऱ्याला काय, लुगडं?" म्हणत ती हसत पुढं गेली.

उसवून झाल्यावर मी तो आत्तीच्या मांडीवर ठेवला. तिनं तो नुसता घेतला नाही. डाव्या हाताची बोटं कडेकडेनं फिरवत गेली, गळा, काख, खांदा, खालचा घेर, जसा दगडाला तडा आहे का बघायचा तसा. एका जागी बोट थांबलं.

"हितं हाय."

खरंच होता. नखाएवढा पांढरा दोरा, कापडात रुतलेला. मी दातानं ओढून काढला. तिनं परत पहिल्यापासून सगळी कड चाचपली. मग मान हलवली.

मी तो तिच्या पायांतून वर घेतला, पदराच्या आत. पट्ट्या खांद्यावर आणून दोन्हीकडं गाठ मारली. मोठ्या मापाचा असल्यानं गाठीला भरपूर कापड मिळालं. ती बसल्या जागी खांदा हलवून बघत होती. पासष्टी ओलांडलेली बाई, अंगाला पहिल्यांदा लुगड्याशिवाय दुसरं कापड लागलेलं. चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही. थोडी लाज होती, थोडी भीती.

"गुदगुल्या व्हत्यात," ती म्हणाली.

मग मला एकदम आठवलं. "आत्ती, बुटाला तर सगळी शिवणच हाय."

"पायाचं पंच बोलले न्हवते," आत्ती म्हणाली.

मिरजेला मुजावर बाईंनी त्या गाठींकडं निरखून बघितलं. "चांगलंय की हे. सैल, मऊ, काखेत मोकळं. कुणी शिवून दिलं?"

"शिवलं न्हाई, बाई. उसवलं."

त्यांना कळलं नाही, पण त्यांनी विचारलं नाही. दोरीच्या मुठी पुढं केल्या. बाहेरच्या बाकावरची माणसं आत बघत होती. आत्तीनं एकदा दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग तिनं पदर सोडला आणि डाव्या हातानं मूठ धरली. ओढली. कप्पी कुरकुरली. उजवा हात मांडीवरून सुटला, पोटापर्यंत आला, छातीपर्यंत आला, आणि तिच्या तोंडातून आवाज निघाला.

"दुखतंय का?" मुजावर बाईंनी विचारलं.

"दुखतंय," आत्ती म्हणाली. "म्हंजे हाय अजून हात."

त्यानंतर आमचं हेच सुरू झालं. बस, ती खोली, दोरी, शिडी, परत बस. मल्लूनं खाणीवरची जुनी कप्पी दारातल्या निंबाला टांगली, म्हणजे घरीही ओढता यावं. सकाळी आत्ती पांढरे बूट घालून निंबाभोवती फेऱ्या घालायची, करंगळी बाहेर, हातात काठी. वस्तीतली माणसं तिला शाळेला चाललीस काय म्हणायची, ती त्यांना शिव्या द्यायची. शिव्या दिवसेंदिवस स्पष्ट होत गेल्या, त्यावरून मला सुधारणा कळायची.

एकदा मी स्वतःसाठीही एक बनियन उसवला. गाठी मारून घातला, वरून पदर घेतला आणि पाण्याला गेले. रत्नव्वानं बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली. घरी येऊन मी काढून ठेवला. मला काही झाकायचं नव्हतं. मला चारचौघींसारखं दिसायचं होतं. उसवलेल्या बनियनात ते होत नव्हतं.

पाऊसकाळ सरता सरता आत्तीचा हात डोक्यापर्यंत गेला. त्या दिवशी तिनं स्वतःचे केस स्वतः बांधले. वाकडा अंबाडा झाला, पण तिचा होता. निंबाखाली बूट घालून बसली होती. मी शेजारी ज्वारी निवडत होते.

"नागव्वा, एक सांगायचं ऱ्हायलं."

"काय?"

"भंडाऱ्याचं शेवटचं."

मी सूप खाली ठेवलं.

"'मी जिती हाय तवर' असं म्हणले हुते. मी गेले की शब्द सुटतोय. मग तू मोकळी." ती अंबाड्याची गाठ चाचपत होती, माझ्याकडं बघत नव्हती. "वारं गेलं तवा मनात म्हटलं, चला, आता हिचं सुटलं. माझ्यासारख्या बायका त्यातनं वरीसभर बी काढत न्हाईत. तर तू बूट आणलास. बनियन उसवलास. रोज मला ओढून उबी करतीस, न तुझाच फास लांबवतीस. आधीच सांगायला पायजे हुतं. पर हात उठायला लागला न मला बी हाव सुटली."

निंबाची पानं कप्पीवर पडली होती. दोरी हलत होती.

"आता सांगितलं," ती म्हणाली. "उद्यापास्नं मिरजेला न्हाई गेलो तरी चालतंय. मी कुणाला काय म्हणणार न्हाई. तुलाबी न्हाई."

मी सूप उचललं आणि आत गेले. माझ्या मनात हिशेब आला नाही असं मी म्हणणार नाही. आत्तीच्या आईनं शंभरी गाठली होती असं लोक सांगायचे.

सकाळी बसची वेळ झाली. आत्ती उंबऱ्यावर बसली होती. अंगात काही घातलं नव्हतं, पदर आवळून धरलेला, दोन्ही हात पदराखाली. बूट बाजूला पडलेले. ती समोरच्या रस्त्याकडं बघत होती. बस वळणावर आल्याचा आवाज आला.

मी दोरीवरचा बनियन घेतला. तिच्या पायांतून वर ओढला, खांद्यावर दोन गाठी मारल्या. मग खाली बसले. डाव्या पायात बूट घातला, मग उजव्या. करंगळी कापातून बाहेर काढली. नाडी आवळली.

आत्तीनं उजवा हात खाली आणला. तोच हात. बोटांनी गाठ चाचपली.

"सैल हाय," ती म्हणाली.

मी सोडून परत बांधली.

त्यानंतर अकरा वर्षं मी बनियन उसवत राहिले. एक विरला की दुसरा. बूट चार वेळा नवे आणले. दर वेळी दुकानदार हसायचा आणि दर वेळी मल्लू काप द्यायचा. माझे खांदे तसेच राहिले.

आत्तीच्या माघारी किल्ली माझ्याकडं आली. पेटीत खणांची चळत होती आणि तळाशी हिरवी चोळी, एवढीशी, माझ्या नातीला झाली असती. खणांतला एक काढून मी शिंप्याकडं नेला. चोळी चांगली शिवली होती, पण घातल्यावर हात वर होईना. काखेत आवळायची, श्वास कोंडायचा. शिंपी म्हणाला, सवय नाही तुम्हाला, होईल. मी ती दोनदा सैल करून घेतली. अजूनही सकाळी चोळी घातली की मी आधी हात वर करून बघते.

माझी सासू, तिमव्वा मारुती धोत्रे, दोन हजार सात सालच्या चैत्रात, एका सोमवारी सकाळी वारली.